कोलकात्याचं आर्मेनियन चर्च: स्मारक म्हणायचं की नांदतं घर?

पायपीट
जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोलकात्याला जातोय. सोबत आई आहे, म्हणजे कालीघाट, दक्षिणेश्वर, बेलूर मठ हे ठरलेलंच. माझ्या यादीत सगळ्यात वर आहे बडाबाजारातलं आर्मेनियन चर्च. पूर्ण नाव होली चर्च ऑफ नाझरेथ. १७२४ साली बांधलेलं आणि शहरातलं सर्वात जुनं चर्च.

जिथे वाचावं तिथे एकच रड दिसते की आता शहरात शंभर-दीडशे आर्मेनियनच उरलेत. मला स्पष्टच वाटतं, एवढ्याशा लोकांच्या हातात ३०० वर्षांची वास्तू ठेवण्यापेक्षा तिचं रीतसर संग्रहालय करावं. तिकीट लावा, माहितीफलक लावा, वास्तू टिकेल. आपल्याकडच्या लेण्यांत आता कोण भिक्खू राहतो? पण लोक बघायला जातातच ना.

कोणी आतून पाहिलंय का? आणि माझं मत पटत नसेल तर का, तेही सांगा.

भवानीपूरकर
मी बरीच वर्षं कोलकात्यात आहे, अधूनमधून त्या बाजूला जाणं होतं. आधी वाट सांगतो, मग भांडतो.

हावडा पुलावरून उतरून ब्रेबोर्न रोडला लागा. आर्मेनियन स्ट्रीट तिथेच. गल्लीत हमाल, हातगाड्या, छत्र्या, प्लॅस्टिकची खेळणी, गोणपाटात बांधलेला माल, आणि खांद्याला खांदा घासणारी गर्दी. चर्चचं फाटक या गर्दीत सहज नजरेतून सुटतं. 'आर्मानी गिर्जा' म्हणून विचारा, दुकानदार हात दाखवतात. आत पाऊल टाकलंत की बाजाराचा आवाज एकदम मागे पडतो. अंगणभर थडगी आहेत, जमिनीलगत बसवलेल्या फरश्याच. त्यांच्यावरूनच चालत दारापर्यंत जावं लागतं. पहिल्यांदा जाणारा माणूस अंग चोरून, उड्या मारत जातो.

जागा मूळची आर्मेनियन लोकांची दफनभूमीच होती. आधीचं लाकडी चर्च १७०७ मध्ये जळालं. मग आगा जेकब नझर यांनी पुढाकार घेऊन १७२४ ला हे बांधलं. गवोंद नावाचा स्थापती इराणातून आणला होता. दहा वर्षांनी हजारमालियन कुटुंबातल्या मॅन्युएल यांनी घंटेचा मनोरा उभारला. नदीवरचा आर्मेनियन घाटही त्यांचाच, त्याच वर्षीचा. आतमध्ये पांढरा संगमरवर, वेदीवर ए. ई. हॅरिस या चित्रकाराची मोठी तैलचित्रं, त्यात येशूचं 'शेवटचं भोजन' (लास्ट सपर) हे चित्रही आहे.

आता भांडण. तिकीट कशाला? दार उघडं असतं, राखणदार विचारपूस करून आत सोडतो. आणि लेण्यांत भिक्खू नाहीत हे खरं, पण इथे रविवारी माणसं असतात.

खुसपट्या
रविवारी माणसं असतात म्हणजे किती? दर रविवारी?

भवानीपूरकर
@खुसपट्या, शहरात त्यांची एकाहून जास्त प्रार्थनास्थळं आहेत. पार्क सर्कसच्या बाजूला सेंट ग्रेगरी आणि टांगऱ्याला होली ट्रिनिटीचं छोटं चॅपल. रविवारची प्रार्थना आळीपाळीने होते. म्हणून चौकशी न करता नाझरेथला गेलात तर राखणदार आणि कबुतरं भेटतील. याच कारणाने निम्मे पर्यटक 'चर्च ओसाड आहे' असं लिहून मोकळे होतात.

खुसपट्या
बरं. आता दुसरं खुसपट. याच अंगणात रेझाबीबी नावाच्या बाईचं १६३० चं थडगं आहे, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या जॉब चार्नॉकच्या १६९० च्या आगमनाच्या ६० वर्षं आधी इथे आर्मेनियन वस्ती होती, असं छातीठोकपणे सांगतात. तो दगड १८९४ मध्ये मेस्रोव जेकब सेठ यांनी उजेडात आणला. ते स्वतः आर्मेनियन, आपल्या समाजाचा इतिहास लिहायला बसलेले. तारखेच्या वाचनाबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतलेल्या आहेत. आणि तारीख बरोबर धरली तरी एका व्यापाऱ्याची बायको प्रवासात वारली, एवढंच त्यावरून सिद्ध होतं. एका थडग्यावरून वसाहत उभी करू नये.

पोथीवाला
खुसपट रास्त आहे. पण 'वाटेत वारली' हीसुद्धा कल्पनाच. दगडावर नवऱ्याचं नाव येतं, सुकियास, आणि त्याला 'दानशूर' म्हटलंय. दान करणाऱ्याची ओळख पटायला आजूबाजूला चार माणसं लागतात की नाही?

असो. रेझाबीबीला बाजूला ठेवलं तरी आर्मेनियन लोकांचं पान इंग्रजांच्या आधीचंच आहे. पार्श्वभूमी थोडक्यात: १६०४-०५ च्या सुमारास इराणच्या शाह अब्बासने आरास नदीकाठचं जुल्फा हे व्यापारी गाव उठवलं आणि तिथल्या आर्मेनियन लोकांना इस्फहानजवळ नेऊन वसवलं. ते नवं जुल्फा. तिथून रेशमाच्या व्यापारात यांची माणसं एकीकडे व्हेनिस, ॲम्स्टरडॅम आणि दुसरीकडे सुरत, आग्रा, हुगळी, मनिला अशी पसरली. आग्र्याला तर अकबराच्या काळातच आर्मेनियन चर्च होतं.

आणि आता माझा आवडता कागद. १६८८ साली लंडनमध्ये खोजा फानूस कलंदर यांनी ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्यात एक कलम असं, की कंपनीच्या ज्या वसाहतीत ४० किंवा अधिक आर्मेनियन राहतील तिथे कंपनी त्यांना चर्चसाठी जागा देईल, तात्पुरतं लाकडी चर्च स्वखर्चाने बांधून देईल, आणि धर्मगुरूला सात वर्षं सालीना ५० पौंड देईल. चाळीस डोकी भरली की देऊळ मंजूर! धागाकर्त्याचं 'एवढेसे लोक' वाचून हेच आठवलं. ३०० वर्षांपूर्वीच्या कंपनीच्या हिशोबाने शंभर-दीडशे माणसांना आजही दोन-तीन चर्चं द्यावी लागतील.

चिंगूताई
=)) पोथीवाले काका, दंडवत.

दांडपट्टा
कोलकाता म्हटल्यावर आपला विषय काढल्याशिवाय राहवत नाही. १७४२ मध्ये आपल्या लोकांच्या भीतीने शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, मराठा डिच. चर्च तेव्हा जेमतेम १८ वर्षांचं. म्हणजे या मनोऱ्यावरून 'बर्गी आले का?' (बंगाली लोक मराठा स्वारांना बर्गी म्हणत) म्हणून कोणीतरी नक्की डोकावलं असणार. जय भवानी.

भवानीपूरकर
खंदक तीनेक मैल खणून अर्धवट सोडला, आणि बर्गी शहरापर्यंत आलेच नाहीत. पण इथल्या आया अजून बाळाला झोपवताना आपल्या नावाचा धाक घालतात. ऑफिसात 'मराठी' म्हटलं की कोणीतरी ते अंगाईगीत म्हणून दाखवतोच: बर्गी आले, पाखरांनी धान्य खाल्लं, आता खंडणी कशी द्यायची? खंडणीत धान्य तर सोडाच, रसगुल्लाही मिळालेला नाही.

पोथीवाला
आर्मेनियन आणि मराठे यांची खरी गाठ सुरतेला पडली आहे. जानेवारी १६६४, महाराजांची पहिली स्वारी. तेव्हा सुरतेत इथिओपियाच्या बादशहाचा वकील औरंगजेबाकडे जायला निघालेला मुक्कामाला होता. हा वकील म्हणजे मुराद नावाचा आर्मेनियन व्यापारी. नजराण्यात गुलाम, घोडे, झेब्र्याचं कातडं आणि जव्वादी कस्तुरीने भरलेलं बैलाचं भलंमोठं शिंग. लुटीत त्यांचं बिऱ्हाडही सापडलं. पुढे दिल्लीला पोचले तेव्हा हातात खलिते, काही आजारी गुलाम, झेब्र्याचं कातडं आणि रिकामं शिंग एवढंच शिल्लक होतं. बर्निये या फ्रेंच प्रवाशाने हे सगळं मजेत लिहून ठेवलंय. त्याची आणि या वकिलांची दिल्लीत भेट झाली होती.

दांडपट्टा
झेब्र्याचं कातडं सोडलं?! मावळ्यांना वाटलं असेल रंगवलेलं गाढव.

संपादकांचा_शेजारी
धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत मूळ मुद्द्यावर या.

फोर्टचा_कारकून
मूळ मुद्दा म्हणजे चर्च आणि त्याची माणसं, तर मुंबईचं सांगतो. माझी अख्खी नोकरी फोर्टात झाली. मेडोज स्ट्रीट, म्हणजे आताचा नगीनदास मास्तर रोड, तिथे सेंट पीटर्स आर्मेनियन चर्च आहे, मूळ १७९६ चं. शेजारच्या इमारतीचं नाव अरारात, आर्मेनियन लोकांच्या पवित्र पर्वताचं. रोज जाणाऱ्या-येणाऱ्या हजारो लोकांपैकी दहा जणांना तरी ठाऊक असेल का, शंकाच आहे. मीसुद्धा कित्येक वर्षं त्या इमारतीला कुठल्यातरी कंपनीचं नाव समजत होतो. मुंबईतला आर्मेनियन समाज जवळजवळ संपला. आता तिथे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची उपासना होते. रविवारी मल्याळम कानावर पडायचं.

तेव्हा पायपीट, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर मुंबईत आहे. चर्च टिकलं, प्रार्थना टिकली, पण माणसं दुसरी. हे तुमच्या संग्रहालयापेक्षा बरं की वाईट?

मयिलापूरची_मीरा
आणि एक उत्तर चेन्नईत. जॉर्ज टाउनमध्ये आर्मेनियन स्ट्रीटवर सेंट मेरीचं चर्च, १७७२ चं. मनोऱ्यात सहा मोठ्या घंटा. अंगणात चाफा आणि शेकडो थडगी. फादर हारुत्युन श्मावोनियन तिथेच पुरलेत. जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक 'अझ्दारार' त्यांनी १७९४ मध्ये मद्रासमध्ये छापलं. येरेवानमध्ये नाही, इस्तंबूलमध्ये नाही, आमच्या मद्रासमध्ये! सैदापेटचा जुना पूल आणि सेंट थॉमस माउंटच्या पायऱ्यासुद्धा खोजा पेट्रस उस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याच्या पैशातून.

पण समाज म्हणाल तर शून्यावर आलाय. वास्तू झकास राखली आहे, कोलकात्याच्या मंडळींच्या देखरेखीमुळेच. पायपीट यांना हवं तसं हे व्यवहारात संग्रहालयच आहे, फक्त तिकीट नाही. मी तिथे जाते, बाकावर बसते, छान वाटतं. आणि दर वेळी बाहेर पडताना वाटतं की घराची माणसं गावाला गेलीत आणि आपण किल्ली घेऊन आत आलोय.

अनुस्वार
@फोर्टचा_कारकून, केरळची मंडळी तिथे असणं तसं घरचंच आहे. आर्मेनियन चर्च आणि मलंकरा चर्च एकाच गोतातली, ४५१ ची खाल्सेदोनची परिषद (ख्रिस्ताच्या स्वरूपाबद्दल धर्मगुरूंनी भरवलेली) न मानणारी. कॉप्टिक, इथिओपियन, सीरियन, आर्मेनियन हे सगळे त्या फळीतले. रोमशी आणि इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चशी त्यांचा संबंध नाही. आपल्याकडे चर्च म्हटलं की पोर्तुगीज नाहीतर इंग्रज एवढेच दोन खण असतात.

आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला तो परंपरेनुसार ३०१ मध्ये. लिपी ४०५ ची, मेस्रोप माश्तोत्स यांची.

सातपुडा
मला एक खटकतं. कोलकात्याचा 'जिवंत समाज' म्हणून जे दाखवतात त्यात निम्मी तर शाळेतली मुलं असतात. आर्मेनियन कॉलेज ही शाळा (१८२१ ची) आर्मेनिया, इराण इथून मुलं आणते. शिक्षण, राहणं, जेवण फुकट. रविवारी त्यांनाच रांगेत चर्चमध्ये नेतात. म्हणजे ट्रस्टकडे जुन्या धनिकांची मालमत्ता भरपूर, माणसं नाहीत, मग माणसं आयात करा. गणपतीत गर्दी दिसावी म्हणून दुसऱ्या गावची पोरं ट्रकने आणतात त्यातलाच प्रकार. कडवट वाटेल, पण बोलायला हवं. हलके घ्या.

बकुळ
हलके नाही घेणार!

माझा भाऊ कॉलेजात असताना कोलकात्यात रग्बी खेळायचा. आर्मेनियन मुलांच्या संघाविरुद्ध सामना म्हटला की आदल्या रात्री यांची झोप उडायची. ती मुलं अंगापिंडाने दणकट आणि एकमेकांत आर्मेनियनमध्ये ओरडणारी, काय डाव ठरतोय कळायचं नाही. सामना संपल्यावर हीच मुलं फाड्फाड बंगाली-हिंदीत चेष्टा करायची. त्यातला एक दहा-अकराव्या वर्षी येरेवानजवळच्या खेड्यातून आलेला. घरची परिस्थिती बेताची. आईने पाठवलं कारण शिक्षण मिळेल आणि आपली भाषाही सुटणार नाही. तो पुढे कोलकात्यातच लग्न करून राहिला. आता त्याला आयात माल म्हणायचं का?

कोलकात्यातले आर्मेनियन पहिल्यापासून आलेलेच आहेत हो. १७२४ मध्ये तरी कोण तिथे जन्मलेलं होतं? स्थापतीसुद्धा बाहेरून आणला, वर भवानीपूरकरांनी लिहिलंयच.

सातपुडा
व्यापारासाठी स्वतः होऊन येणं वेगळं आणि दहा वर्षांच्या पोराला पाठवणं वेगळं. बहुतेक मुलं शिकून परत जातात, राहणारे थोडे. मी मुलांना दोष देत नाहीये, आकड्याला देतोय.

तंजावरी
या वादात बोलायचा थोडा अधिकार आहे, कारण आमचं घराणं तंजावरचं. व्यंकोजीराजांच्या मागोमाग गेलेले, म्हणजे साडेतीनशे वर्षं होत आली. घरात मराठी बोलतो, तुम्हाला ऐकून हसू येईल अशी. कागदावर उतरवायची वेळ आली की तमिळ लिपी. पुण्याला गेलं की लोक विचारतात, 'तुम्ही मद्रासी ना?'

आमच्याकडे अगदी हेच झालं. पोरं चेन्नईला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. गावातल्या जुन्या मठात रामनवमीला भजनाला बसायला माणसं कमी पडायला लागली. तेव्हा काय केलं? ज्याला मराठी पदं म्हणता येतात त्याला बोलावलं. काही तमिळ मुलं शिकून आली, आमच्यापेक्षा शुद्ध म्हणतात. कोणी आम्हाला म्हटलं नाही की तुमचं भजन आता बंद करून मृदंग काचेच्या कपाटात ठेवा. म्हटलं असतं तर आमच्या आजीने पळीच फेकून मारली असती.

सातपुडाराव, आकडा खरा आहे. पण चर्चमधली ती उपासना ज्या भाषेत होते ती ग्राबार, प्राचीन आर्मेनियन. ती म्हणणारे दहा गळे लागतात. ते कुठून आले हे देवाला चालत असेल तर आपण कोण?

पायपीट
तंजावरी काका, पळी मला लागली. पण माझा मुद्दा वास्तूचा होता, भजन बंद करा असं म्हणत नव्हतो.

अनुस्वार
पण वास्तूचं सगळं काम भजनासाठीच आहे ना. वेदी उंचावर का? तर तिच्यासमोर पडदा असतो, प्रार्थनेत ठरावीक वेळी तो ओढतात आणि उघडतात. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात तर तो ४० दिवस बंदच राहतो. लांब दांड्यांच्या धातूच्या चकत्या असतात, भोवती बारीक घुंगरं, विशिष्ट क्षणी त्या हलवतात. संग्रहालयात तुम्ही चकती बघाल, खाली चिठ्ठी वाचाल. वाजणार कधी?

चिंगूताई
कोणीतरी खाण्याचं बोला आता. 'पटोलेर दोरमा' आर्मेनियन लोकांनी बंगाल्यांना दिला म्हणतात ते खरं का?

भवानीपूरकर
सांगतात तसंच. द्राक्षाच्या पानात खिमा-भात भरून करायचा डोल्मा, इथे पानांऐवजी पडवळासारखे छोटे परवर पोखरून भरतात. बंगाली त्यात मासा किंवा कोळंबीही घालतात. आमच्या शेजारच्या काकूंना हे आर्मेनियन आहे म्हटलं तर त्या महिनाभर बोलणार नाहीत.

आता इथल्या आर्मेनियन वृद्ध पिढीबद्दल थोडं सांगतो. सर कॅचिक पॉल चेटर, जन्म कोलकाता १८४६, पैसा कमावला हाँगकाँगमध्ये. त्यांच्या नावाने इथे आर्मेनियन ज्येष्ठांसाठी घर आहे. शहरावर या लोकांच्या खुणा कितीतरी. ग्रँड हॉटेल आणि पार्क स्ट्रीटचं स्टीफन कोर्ट अराथून स्टीफन यांचं, निजाम पॅलेस म्हणजे मूळचं गॉलस्टॉन पार्क. पण ती नावं घेऊन हळहळणारे बहुतेक बाहेरचेच. आर्मेनियन ओळखीचे आहेत ते शाळेच्या फीचे, नळाचे, रग्बीच्या निवडीचे विषय काढतात. एका आजीबाईंना मी मोठ्या भक्तिभावाने 'तुमचा समाज कमी होतोय' म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या लहानपणापासून हेच ऐकतेय. बिस्किट घे."

खुसपट्या
आजी १ : धागा ०.

मुक्कामपोस्ट
फोटो काढण्याबद्दल सावध. एका जुन्या चर्चमध्ये (गाव सांगत नाही) प्रार्थना चालू असताना आमच्या गटातल्या एकाने सेल्फी स्टिक उघडली. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी वळून फक्त पाहिलं. गटातले सगळे त्या दिवसापुरते सोवळ्यात गेले. रिकाम्या वेळी विचारून काढा, प्रार्थनेत खिशात ठेवा.

पायपीट
बराच विचार केला. संग्रहालयाचा मुद्दा वास्तूच्या देखभालीपुरता मी सोडत नाही, पैसा आणि तज्ज्ञ लागतातच. पण तिकिटाचा मागे घेतो. आता मूळ प्रश्न: ४ ते ९ जानेवारी कोलकात्यात आहे. प्रार्थना बघायची तर कधी जाऊ? नाताळ तर होऊन गेलेला असेल.

अनुस्वार
नशीबवान आहात, त्यांचा नाताळ ६ जानेवारीलाच असतो! जुन्या काळी पूर्वेकडे ख्रिस्तजन्म आणि बाप्तिस्मा एकाच दिवशी साजरे व्हायचे. चौथ्या शतकात रोमने जन्मासाठी २५ डिसेंबर धरला, बाकीचे हळूहळू मागे गेले, आर्मेनियन गेले नाहीत. जेरुसलेमचे आर्मेनियन जुन्या पंचांगाने १९ जानेवारीला करतात ते वेगळंच. नाताळच्या दिवशी पाणी मंतरण्याचा विधी असतो, क्रूस पाण्यात बुडवतात आणि ते पाणी लोक घरी नेतात. आईंना हे लगेच कळेल, तीर्थ म्हणून सांगा.

भवानीपूरकर
६ तारखेची मोठी प्रार्थना नाझरेथलाच असते. वेळ आदल्या दिवशी फाटकावर विचारून घ्या. साधे, अंगभर कपडे, मागच्या बाकावर बसा, लोक उभे राहिले की उभे राहा. लांब चालते, आईंसाठी पाण्याची बाटली आणि पाठीला उशी न्या. नंतर जमलं तर पायीच पोर्तुगीज चर्च (१७९९) आणि मागेन डेव्हिड सिनेगॉग (१८८४) बघून घ्या, सगळं हाकेच्या अंतरावर. सिनेगॉगची राखण मुसलमान कुटुंबं करत आलीत.

महिन्याच्या मध्यापर्यंत थांबलात तर हुगळीकाठच्या चुंचुडा गावी सेंट जॉनच्या सणाला अख्खा समाज जातो, ते चर्च १६९५ चं. नदीकाठची सहल, शाळेची मुलं, भरपूर जेवण.

सातपुडा
त्या मुलांपैकी कोणाशी बोलायला मिळालं तर विचारा, पुढे काय करायचं ठरवलंय. खरंच जाणून घ्यायचंय. टोमणा नाही.

पायपीट
विचारतो. आईला सांगितलं, तिचा पहिला प्रश्न, "प्रसाद असतो का?" राहायला कुठे बघू? बडाबाजारात नको.

भवानीपूरकर
हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात आधी फोन करून बघा. कालीघाटही जवळ पडेल. खोली मिळाली नाही तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दांडपट्टा
झेब्र्याचं कातडं कुठे दिसलं तर घेऊन या, राहिलंय आपलं.